मोडलेल्या वेळूचें गणित

सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्यानें तो मध्येंच मोडला व त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीस टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? ‘लीलावती’तील (शके १०७२, इ. स. ११५०) भास्कराचार्यांचा हा प्रश्न घरांतील मुलांस अवश्य घालावा, मात्र ‘१२ हात’ असें उत्तर सांगून मोकळें होऊं नये.

प्रथम आकृति काढवावी. उभा राहिलेला भाग ही कोटि, जमिनीवरील अंतर हा भुज व कललेला भाग हा कर्ण. कोटि ‘क्ष’ मानिली, तर कर्ण ३२ − क्ष. भुजकोटींच्या वर्गांची बेरीज कर्णवर्गाबरोबर असते, म्हणून

क्ष² + २५६ = (३२ − क्ष)²

येथें मुलगा थबकतो. अज्ञाताचा वर्ग पाहून धीर सुटलेलीं व पुढें ‘गणितांत कच्चीं’ म्हणून कायमचीं बाजूस पडलेलीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तेव्हां घाई न करितां उजवी बाजू उलगडून घ्यावी : १०२४ − ६४क्ष + क्ष². आतां दोन्ही पारड्यांत क्ष² आहे. तो दोहोंतूनहि काढिला. उरलें ६४क्ष = ७६८; क्ष = १२. (‘पलीकडे नेलें कीं चिन्ह बदलतें’ हा मंत्र पढवूं नये. त्यानें गुण मिळतात, समज येत नाहीं.)

आचार्यांची रीति याहून आटोपशीर आहे. भुजवर्गास वेळूनें भागावें, २५६ ÷ ३२ = ८; तो भागाकार वेळूंतून वजा करून अर्धें करावें. पण हे ८ कसले? २० सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घेऊन त्याच्या कोपऱ्यांतून १२ बाजूचा चौरस कापावा. उरलेल्या, सुताराच्या गुण्यासारख्या तुकड्याचें क्षेत्र ४०० − १४४ = २५६. त्याच्या २० × ८ व १२ × ८ अशा दोन पट्ट्या करून टोकास टोक जोडल्या कीं ३२ लांब व ८ रुंद आयत होतो. लांबी ही कर्ण व कोटि यांची बेरीज, म्हणजे सबंध वेळू. रुंदी हें त्यांचें अंतर.

‘२० व १२ आधींच कोठून आणिले?’ असें एखादी चलाख मुलगी विचारील. तिला वाटेल ते दोन चौरस घेऊं द्यावे. लांबी बेरजेची व रुंदी अंतराचीच येते, हें तीच पाहील. मग १८ हातांचा वेळू व ६ हातांचा भुज देऊन तोंडीं उत्तर मागावें.