पुरण आणि त्याचा कट

‘पुरण’ हा शब्द संस्कृत ‘पूरण’ या शब्दावरून आलेला असून त्याचा अर्थ केवळ ‘भरणें’ असा आहे. जपानी लोक मिठाईंत घालावयाच्या गोड सारणास ‘आन’ म्हणतात. त्या शब्दाचाही मूळ अर्थ ‘आंत भरावयाचें सारण’ हाच. आपलें पुरण हरभऱ्याच्या डाळीचें, त्यांचें आझुकी नांवाच्या तांबड्या कडधान्याचें. देश दोन; परंतु दोन्ही स्वयंपाकघरांतील नियम बव्हंशीं एकच आहे. जेथें तो भिन्न होतो, तेथेंच आपल्या पुरणाचा विशेष दिसून येतो.

जपानांतील परंपरा अशी सांगते कीं, चौदाव्या शतकाच्या मध्यास रिन जोइन नांवाचा एक चिनी गृहस्थ नारा नगरींत येऊन राहिला. चीनमध्यें कणकेच्या उकडलेल्या गोळ्यांत मांस भरीत. बौद्ध भिक्षूंना तें वर्ज्य, म्हणून त्यानें त्यांत कडधान्याचें सारण भरलें. हाच ‘मांजू’. पुढें १८७४ सालीं टोकियोंतील किमुरा यासुबेई यांनीं तसेंच गोड सारण पावांत भरलें आणि तो परकी पदार्थ जपानी लोकांच्या पचनीं पडला.

आतां नियम पाहूं. डाळीच्या दाण्यांतील पिष्ट असंख्य सूक्ष्म पेशींत बंद असतें. डाळ शिजतांना पेशींना एकमेकींशीं जोडणारें द्रव्य विरतें व पेशी सुट्या होतात. पण त्यांचीं आवरणें बहुधा फुटत नाहींत. म्हणूनच पुरण मऊ असूनही रवाळ लागतें, खळीसारखें चिकट होत नाहीं. गूळ आधींच घातला तर तें जोडद्रव्य लवकर विरत नाहीं आणि डाळ बोटचेपी व्हावयास फार वेळ लागतो. यास्तव आधीं शिजविणें व मग गोड करणें, हा क्रम पुण्याची गृहिणी आणि क्योटोचा हलवाई दोघेही पाळतात. गरम असतांनाच पुरण यंत्रांतून काढावें, हा आपला परिपाठही शास्त्रशुद्धच आहे. निवाल्यावर तें घट्ट होतें.

भेद आहे तो पाण्याचा. आझुकी सालासकट शिजवितात; सालींतील तुरटपणा पहिल्या उकळींत उतरतो, म्हणून तें पाणी जपानी लोक फेंकून देतात. आपली डाळ सोललेली. तिच्या पाण्यांत तुरटपणा नसतो, उलट डाळीचा कस उतरलेला असतो. हाच कट. त्यांत चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेलें खोबरें व चमचाभर पुरण घालून कटाची आमटी होते. एका शिजवणींत दोन पदार्थ, आणि गोड जड पोळीच्या जोडीला आंबटतिखट पातळ आमटी, अशी ही योजना आहे.

मुंबईजवळ सिडकोनें वसविलेल्या नवीन पनवेलसारख्या नगरांतील सदनिकांतून पाटा-वरवंटा आतां क्वचितच दिसतो. होळीच्या पोळ्या घरगुती उद्योग चालविणाऱ्या भगिनींकडून मागविण्याची चालही पडली आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रीनें सणाच्या दिवशीं चुलीपाशीं शिणावें, असा आग्रह कोण धरील? परंतु विकतच्या पोळीबरोबर तिचा कट येत नाहीं. पोळी घरीं येते, आमटी मात्र पानांतून नाहींशी होते. आणि जी गोष्ट पानांत वाढली जात नाहीं, ती पुढच्या पिढीस शिकविलीही जात नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. पोळ्या खुशाल मागवाव्या. घरीं मात्र मूठ दोन मुठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यांत शिजवावी. वरचें पाणी गाळून आमटीस घ्यावें, आणि खालच्या डाळीत गूळ आटवून तें वाटीभर पुरण मुलांच्या हातावर ठेवावें. गूळ नंतर कां घालावयाचा, हेंही त्यांना त्याच वेळीं सांगावें.