पायडलच्या तीनचाकीला विजेची मोटार : आधी ब्रेक, मग वेग

दुधाच्या किटल्या डेअरीवर पोचवायच्या, भाजीच्या पाट्या आठवड्याच्या बाजाराला न्यायच्या, येताना पेंडीचे पोते आणायचे, ही कामे मालवाहू तीनचाकी सायकल बिनबोभाट करते. तिला वैरण लागत नाही, डिझेल लागत नाही. मात्र ओढणाऱ्याचा घाम निघतो. चढ आला की खाली उतरून ढकलावे लागते आणि पन्नाशी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात. अशा गाडीला विजेची मोटार बसवता येते. तालुक्याच्या गावचा चांगला फिटर हे काम करू शकतो. पण काम सांगण्यापूर्वी काही गोष्टी घरात बसून नीट समजून घ्या.

मोटार किती ताकदीची?

धट्टाकट्टा माणूस तासभर पायडल मारत राहिला तर सुमारे ७५ ते १०० वॅट ताकद देतो. गाडी, माल आणि माणूस मिळून २०० किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जायला साधारण १०० वॅट लागतात. त्याच वेगाने कच्च्या रस्त्यावर जायचे तर अडीचशेच्या आसपास लागतात. वीस फुटांना एक फूट असा चढ असेल, तर ताशी ८ किलोमीटर या संथ चालीलाही अडीचशे वॅट हवेत. म्हणजे एकटा माणूस चढावर का थकतो, हे उघड आहे. त्याच्या जोडीला २५० वॅटची मोटार आली आणि त्याने पायडल मारणे चालू ठेवले, तर बहुतेक कामे भागतात. मोटारीला जोडीचा बैल समजा. सगळा भार तिच्यावर टाकला तर ती तापते आणि बॅटरी लवकर उतरते.

फलटणला झालेले काम

हा विचार आपल्याकडे नवा नाही. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारण्याचे काम केले आणि २००२ साली त्यावर 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांनी तीन प्रकार केले : गिअर बसवलेली सुधारित पायडल रिक्षा, पायडलला मोटारीची मदत असलेली रिक्षा आणि पूर्ण विजेवर चालणारी रिक्षा. जुन्या रिक्षाला गिअर नाहीत आणि ब्रेक फक्त पुढच्या चाकाला आहे, ही तिची मोठी उणीव त्यांनी दाखवून दिली. आपल्या मालवाहू तीनचाकीचीही बहुधा हीच गत असते.

आधी ब्रेक

माल मागे असतो, म्हणजे वजन मागच्या दोन चाकांवर असते. ब्रेक मात्र पुढच्या हलक्या चाकाला. पायडलच्या संथ चालीत हे निभावून जाते. मोटार बसली की वेग वाढतो, मालही थोडा जास्त भरला जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते, हे विसरू नका. ओढ्याच्या उतारावर किटल्यांनी भरलेली गाडी सुटली, तर मोटार बंद करूनही ती थांबत नाही. ब्रेक न सुधारता मोटार बसवणे म्हणजे आधी कळस, मग पाया.

म्हणून पहिला खर्च मागच्या ब्रेकवर करा. मागच्या एक्सलवर पट्ट्याचा ब्रेक किंवा मोपेडचा ड्रम ब्रेक बसवता येतो. तो एक्सलबरोबर फिरणाऱ्या चाकालाच लागतो, म्हणून एक चाक एक्सलवर मोकळे फिरत असेल तर फिटरला तसे सांगा. हातातल्या ब्रेकच्या दांड्या अशा घ्या की दाबताच मोटारीची वीज तुटेल. गाडी उतारावर उभी करण्यासाठी ब्रेक अडकवून ठेवण्याची सोयही करून घ्या.

तीन चाकांची गाडी सायकलसारखी वळणावर कलत नाही, वेगात वळवली तर उलटते. म्हणून जड माल तळाला आणि मधोमध ठेवा, वळणाआधीच वेग कमी करा.

मोटार कोठे बसवावी?

एक रीत म्हणजे पुढच्या चाकाच्या हबमध्येच असलेली मोटार. बसवायला सोपी, पण मातीच्या चढावर पुढचे चाक हलके पडून जागीच फिरते. शिवाय मोटारीच्या पिळाने चिमट्याची खाच फाटू शकते. अशी मोटार घेतलीच, तर एक्सल धरून ठेवणारी लोखंडी पट्टी चिमट्याला दोन्ही बाजूंनी बसवून घ्या. दुसरी रीत म्हणजे गाडीखाली गिअरची मोटार बसवून साखळीने मागच्या एक्सलला जोर देणे. वेल्डिंगचे काम वाढते, पण वजन जेथे आहे तेथेच जोर मिळतो. खडकाळ आणि चढाच्या वाटेला ही रीत बरी. मोटारीला फ्रीव्हील हवेच, म्हणजे बॅटरी संपली तरी पायडल मारत घरी येता येते. साखळीवर पत्र्याचे झाकण आणि चाकाला जाळी बसवा. साडीचा पदर किंवा लहान मुलाचे बोट त्यात जाता कामा नये.

बॅटरी आणि तारा

१२ व्होल्टच्या २० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४८ व्होल्ट होतात. शिशाच्या बॅटऱ्यांचे हे ओझे सुमारे २५ किलोचे. त्या निम्म्याच वापरून पुन्हा भरल्या, तर जास्त टिकतात. निम्म्या वापरात, पायडलची साथ देऊन, २५ किलोमीटरच्या आसपास धाव मिळते. पूर्ण भरायला सव्वा ते दीड युनिट वीज लागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची तेवढीच बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते आणि कितीतरी जास्त वेळा भरता येते, पण सुरुवातीची किंमत जास्त.

पुढचे नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. बॅटरीच्या अगदी जवळ, जाड तारेवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या डीसी विजेसाठी बनवलेला असावा. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळू नका. चार्जर त्या बॅटरीचाच वापरा. उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्या, मग भरायला लावा. ती उघड्या हवेशीर जागी भरा, झोपण्याच्या खोलीत, चुलीजवळ किंवा कडब्याच्या गंजीपाशी नको. शिशाची बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघू शकतो. रिकामी बॅटरी तशीच आठवडाभर पडू देऊ नका, ती कायमची खराब होते. पावसाळ्यासाठी कंट्रोलर उंच, झाकणाखाली बसवा आणि तारा खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून आत शिरणार नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटारीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशा बॅटरीच्या दुचाकीला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार वाहन धरलेले नाही. पण ही सवलत अधिकृत संस्थेने तपासून मंजूर केलेल्या गाडीला आहे, फिटरकडे बदललेल्या गाडीला ती आपोआप मिळत नाही. जास्त ताकदीच्या तीनचाकी ई-कार्टसाठी २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तिला नोंदणी आणि परवाना दोन्ही लागतात. तेव्हा पैसे गुंतवण्याआधी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा आणि विमा मिळतो का तेही पाहा. अपघात झाला तर हा प्रश्न पहिला येतो.

परवडेल का?

विजेचा खर्च किरकोळ आहे, खरा खर्च बॅटरीचा. शिशाची बॅटरी रोज वापरली तर दीड-दोन वर्षांत बदलायची तयारी ठेवा. बॅटरीच्या किमतीला तेवढ्या दिवसांतल्या फेऱ्यांनी भागा. जो आकडा येईल, तो टेम्पोच्या एका फेरीच्या भाड्याशी ताडून पाहा. रोज डेअरीला जाणाऱ्याला हिशेब जमेल. आठवड्यातून एकदाच बाजारला जाणाऱ्याला पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी करणे सोयीचे.

काम झाल्यावर लगेच माल भरू नका. आधी रिकामी गाडी मैदानात चालवा. मग निम्मा माल घेऊन गावातल्या उतारावर ब्रेक दोनदा तपासा. गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला, म्हातारीकोतारी असोत की कॉलेजला जाणारी मुलगी असो, मोटारीची वीज तोडणारे बटण कोठे आहे ते दाखवून ठेवा. भरलेली गाडी उतारावर तुम्हाला हवी तेथे उभी राहिली, की ती बाजारला न्यायला हरकत नाही.