मागचा ब्रेक थोडा कमीच बरा

पहिल्या पावसाने रस्ता ओला झालेला. समोर अचानक म्हैस येते, चालक ब्रेकवर पाय दाबतो आणि जुनी गाडी थांबण्याऐवजी गर्रकन आडवी होते. दोष रस्त्याला दिला जातो. पण तो मागच्या ब्रेकचाही असू शकतो. तो कमी लागला म्हणून नव्हे, तर जास्त लागला म्हणून!

ब्रेक लावताच प्रवासी पुढे झुकतात, तसा गाडीचा भारही पुढच्या चाकांवर जातो. कोरड्या रस्त्यावर १,००० किलोची छोटी गाडी जोरात थांबवली, तर सुमारे १५० किलो भार पुढे सरकतो. मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड घटते. त्यांना ब्रेक जास्त लागला तर ती आधी जाम होतात, आणि जाम झालेले चाक बाजूला घसरणे रोखू शकत नाही. पुढची चाके आधी जाम झाली तर स्टिअरिंग निकामी होते, पण गाडी निदान सरळ जाते.

शरीराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. समोरच्या धडकेत बॉनेट चुरगळून बराच धक्का पचवते, सीटबेल्ट शरीर धरून ठेवतो. आडव्या गाडीला धडक बसली तर मध्ये असते फक्त दार. डोके, बरगड्या, प्लीहा आणि कमरेखालच्या हाडांना थेट मार बसतो.

नव्या गाड्यांत एबीएस चाके जाम होऊ देत नाही. अनेक जुन्या गाड्यांत हे काम मागच्या ब्रेकच्या नळीवरचा एक छोटा व्हॉल्व्ह करतो: ठरावीक दाबानंतर तो मागे जाणारा दाब कमी वाढू देतो. काही गाड्यांत तो मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला असतो आणि गाडी भरलेली असेल तर मागे जास्त दाब सोडतो. अशा गाडीची मागची बाजू उचलून घेतली, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते.

म्हणून 'मागे ब्रेक कमी लागतो' या तक्रारीवर व्हॉल्व्ह काढून टाकणे हा उपाय नव्हे. आधी मागच्या ड्रममध्ये ऑईल गळते का, लायनर झिजले का, व्हॉल्व्ह गंजून अडकला का, हे पाहावे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. रोलरवरच्या चाचणीत प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजता येतो. पावसाळ्याआधी ती करून घ्यावी. गाडी थांबते का, एवढेच पाहून भागत नाही. ती सरळ थांबते का, हेही पाहायला हवे.