प्रिंटर एक, विंडोज तीन!

रविवारची रात्र. उद्या सकाळी भाडेकराराची सही केलेली कॉपी द्यायचीय. फाइल लॅपटॉपवर तयार, प्रिंटर समोरच्या टेबलावर. तुम्ही ऐटीत 'प्रिंट' दाबता आणि स्क्रीन म्हणते, प्रिंटरशी कनेक्ट होता येत नाही! तोवर नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलेलं असतं. ओळखीचं वाटतंय ना?

कर्जत आणि खालापूरच्या घरांमध्ये तर या नाटकाला पात्रंही भरपूर. बाबांचा विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप, ताईचा विंडोज १० आणि तुमचा ऑफिसनं दिलेला विंडोज ११ चा लॅपटॉप. प्रिंटर मात्र एकच आणि तोही यूएसबी केबलनं बाबांच्या डेस्कटॉपला बांधलेला. मुंबईत राहणाऱ्याला ऑफिस गाठून तिथल्या प्रिंटरवर काम भागवता येतं. कर्जत लोकलनं सीएसएमटी गाठायला दोन तासांच्या आसपास लागत असतील, तर एका कागदासाठी कोण जाणार? खालापूरच्या वीकेंड होममध्ये बसून 'वर्क फ्रॉम होम' करणाऱ्यांचीही तीच गत.

मग सगळे एकाच व्हर्जनवर का येत नाहीत? कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. जुना डेस्कटॉप त्यात बसत नाही, पण चालतो मात्र ठणठणीत. चालता कॉम्प्युटर भंगारात देईल तो मराठी माणूस कसला!

भांडण कशावरून?

एकेकाळी हे सोपं होतं. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये 'होमग्रुप' होता. एक पासवर्ड टाकला की घरातला प्रिंटर सगळ्यांचा. मायक्रोसॉफ्टनं २०१८ च्या अपडेटमध्ये विंडोज १० मधून होमग्रुप काढून टाकला.

दुसरा धक्का २०१७ चा. एक्सपीच्या जमान्यातली एसएमबी १ ही शेअरिंगची जुनी पद्धत 'वॉनाक्राय' व्हायरसनं मे २०१७ मध्ये जगभर पसरायला वापरली. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या व्हर्जनपासून ती आपोआप इन्स्टॉल होणं थांबलं. कुणाकडे अजून एक्सपी असेल, तर नव्या लॅपटॉपला तो दिसत नाही, त्याचं कारण हेच.

तिसरा धक्का २०२१ चा. विंडोजच्या प्रिंटिंग यंत्रणेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी फट सापडली. ती आणि तिच्यासारख्या फटी बुजवणारी अपडेट्स आली आणि सप्टेंबरनंतर अनेकांच्या स्क्रीनवर शेवटी '११बी' असलेला एरर झळकू लागला. एका मशीनला नवा नियम ठाऊक, दुसऱ्याला नाही. मग बोलणंच बंद!

झटपट उपायापासून सावधान

अशा वेळी कुणीतरी हुशार मित्र फोनवर सांगतो, 'रजिस्ट्रीत एक आकडा बदल, फायरवॉल बंद कर, पासवर्ड काढून टाक.' प्रिंट निघते, हे खरं. पण तुम्ही बुजवलेली फट स्वतःच्या हातानं पुन्हा उघडलेली असते. विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट्स मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये थांबवले, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच वायफायवर तुमचा ऑफिसचा लॅपटॉप असतो, आईचं नेटबँकिंग असतं. एका प्रिंटसाठी एवढी जोखीम? नकोच.

प्रिंटर घराचा करा

खरी गोम वेगळीच आहे. प्रिंटर एका कॉम्प्युटरचा असतो आणि बाकीचे त्याच्याकडे तो उसना मागत असतात. मालक बंद, तर प्रिंटर बंद. मालक जुना, तर नव्यांशी भांडण. म्हणून मधला मालकच काढून टाका आणि प्रिंटर थेट राउटरला जोडा.

प्रिंटरला वायफाय किंवा नेटवर्क केबलची सोय असेल, तर काम अर्ध्या तासाचं. यूएसबीवालाच असेल, तर राउटरच्या यूएसबी पोर्टला प्रिंटर चालतो का, ते पाहा. काही राउटर ही सोय देतात.

मग प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याच्या त्याच्या विंडोजचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. ३२ बिट की ६४ बिट, हे आधी बघा. इथेच बरेच जण अडकतात. 'ॲड प्रिंटर'मध्ये टीसीपी/आयपीचा पर्याय निवडून प्रिंटरचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. झालं! आता विंडोज ७ आणि विंडोज ११ ला एकमेकांशी बोलायची गरजच नाही. दोघंही थेट प्रिंटरशी बोलतात. बाबांच्या डेस्कटॉपला तर यासाठी इंटरनेटही लागत नाही.

हा पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये कायमचा राखून ठेवा. नाहीतर पावसाळ्यात लाइट जाऊन आली की राउटर प्रिंटरला नवा पत्ता देऊ शकतो आणि कॉम्प्युटर म्हणतो, 'ऑफलाइन'. प्रिंटर बिचारा चालूच असतो!

आणि बाबांची पत्रं?

जुना डेस्कटॉप टिकण्यामागे आणखी एक कारण असतं, मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले सोसायटीचे अर्ज, जुनी पत्रं तुमच्या लॅपटॉपवर उघडली की फॉन्टअभावी अगम्य अक्षरं दिसतात. त्यावर उपाय सोपा. फाइल जुन्याच मशीनवर उघडा आणि पीडीएफ करा. वर्ड २०१० असेल, तर 'सेव्ह ॲज'मध्येच तो पर्याय आहे. फॉन्ट पीडीएफच्या पोटात गेला की ती कुठूनही तशीच छापली जाते. जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळालाच नाही, तरी ही पीडीएफ पेनड्राइव्हनं नव्या लॅपटॉपवर नेऊन काम भागतं.

केबलच वापरायची असेल तर...

* प्रिंटर अपडेट्स मिळणाऱ्या नव्या मशीनला जोडा, जुन्याला नको.
* नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा. शेअरचं नाव छोटं आणि स्पेसशिवाय द्या.
* पासवर्ड काढू नका. प्रिंटिंगसाठी त्या मशीनवर वेगळं साधं अकाउंट उघडा आणि तेच नाव-पासवर्ड बाकीच्यांना द्या.
* ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही बदलण्याआधी आयटी टीमला विचारा.
* कागद बंद पिशवीत ठेवा. कर्जतच्या पावसात दमट झालेला कागद अडकतो आणि शिव्या मात्र विंडोजला बसतात!