घारींच्या ओढ्याकाठची शाळा

शाळेच्या जेवणात एका मुलामागे शिध्यावर किती पैसे खर्च होतात? २००५च्या सुरुवातीला ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवर हा प्रश्न निघाला आणि उत्तर ऐकून घरोघरचे आईबाप चपापले. ३७ पेन्स. तेवढ्यात मुख्य पदार्थ, सोबतची भाजी आणि वर काहीतरी गोड, सगळं बसवायचं. मग ताटात पडणार काय? चिप्स, बर्गर, नाहीतर टर्कीच्या मांसाचा लगदा वळून तळलेले ‘टर्की ट्विझलर्स’. जेमी ऑलिव्हर हा नावाजलेला तरुण शेफ कॅमेरा घेऊन ज्या स्वयंपाकघरात शिरला होता, ते लंडनच्या आग्नेय उपनगरातल्या किडब्रूक स्कूलचं. तिथला सगळा कारभार नोरा सँड्स या आयरिश बाईंच्या हातात. टीव्हीवरचा हा पाहुणा आपल्या ओट्यापाशी येऊन लुडबुड करतो, हे त्यांना अजिबात रुचलं नाही आणि ते त्यांनी त्याला तोंडावर सुनावलं. प्रेक्षकांना दोघंही आवडले.

त्याआधी पन्नास वर्षं हीच शाळा अशीच देशभर गाजली होती. तेव्हा वाद ताटाचा नव्हता, वर्गाचा होता: गावातल्या सगळ्या मुली एकाच शाळेत का बसू नयेत?

‘किडब्रूक’ या नावाचा अर्थ घारींचा ओढा असा लावतात. मध्य लंडनच्या चेरिंग क्रॉसपासून दहा-बारा किलोमीटरवरचा हा सखल, पाणथळ भाग. एका बाजूला ब्लॅकहीथचं मोकळं माळरान, दुसरीकडे शूटर्स हिलची टेकडी आणि पलीकडे एल्टम. १८९५मध्ये इथे रेल्वे स्टेशन झालं, तरी पुढची बरीच वर्षं आसपास शेतंच होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उपनगरी घरांच्या रांगा उठल्या. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाने इथूनच बराज बलून, म्हणजे शत्रूच्या विमानांना अडवणारे प्रचंड फुगे, आकाशात सोडले. राजवाडा नाही, किल्ला नाही, प्रवाशाने मुद्दाम उतरावं असं काही नाही. कामाला जाणाऱ्या माणसांचं उपनगर.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक खुलासा हवा. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे ईटन-हॅरोसारखी जबर फी घेणारी खासगी शाळा. सर्वसामान्यांची, कराच्या पैशांवर चालणारी आणि फी न घेणारी ती ‘स्टेट स्कूल’. किडब्रूक ही दुसऱ्या जातीची. पण १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर या सरकारी शाळांमध्येही उतरंड तयार झाली होती. कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं, ही मोठीच गोष्ट. मात्र त्यासोबत बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षी मुलांची निवड रूढ झाली. ‘इलेव्हन-प्लस’ परीक्षेत गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापनाचे पेपर असत. पाचांतलं एखादं मूल पास होऊन ग्रामर स्कूलला जाई आणि तिथून विद्यापीठाची वाट धरी. उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्न शाळेत. तिथली कित्येक मुलं पंधराव्या वर्षी हातात कुठलंही प्रमाणपत्र न घेता कामाला लागत. मुलींच्या बाबतीत तर काही जिल्ह्यांत आणखी एक पेच होता. ग्रामर स्कूलमध्ये त्यांच्यासाठी जागा कमी, आणि अकराव्या वर्षी मुली मुलांपेक्षा जास्त गुण मिळवायच्या. मग मुलींसाठी पासाची रेघच वर सरकवली जायची.

लंडन काउंटी कौन्सिल मजूर पक्षाच्या हातात होतं आणि त्यांना ही चाळणी नको होती. कौन्सिलच्या १९४७च्या आराखड्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ शाळांची कल्पना होती: परिसरातली सगळी मुलं, हुशार असोत की मागे पडणारी, एकाच दारातून आत येतील. जुन्या इमारतींत तसे काही प्रयोग आधीच सुरू झाले होते. वेल्सच्या अँगलसी बेटावर तर १९४९मध्ये तशी शाळाही उभी राहिली. लंडनमध्ये मात्र केवळ या कामासाठी कोरी इमारत बांधून सुरू झालेली पहिली शाळा म्हणजे किडब्रूक. स्लेटर, युरेन अँड पाइक या वास्तुरचनाकारांनी ती आखली. क्षमता दोन हजार, आणि सगळ्या मुली.

दोन हजार हा आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले. एवढ्या मोठ्या शाळेत पोरगी हरवून जाईल, मुख्याध्यापिकांना तिचं नावही कळणार नाही, अशी ओरड झाली. पण आकड्यामागे साधा हिशेब होता. त्या काळी बहुसंख्य मुलं पंधराव्या वर्षी शाळा सोडत. शेवटच्या दोन वर्षांच्या ‘सिक्स्थ फॉर्म’पर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या उंबऱ्यापर्यंत, मोजकीच टिकत. त्या वर्गात लॅटिनपासून भौतिकशास्त्रापर्यंत सगळे विषय शिकवण्याइतक्या मुली हव्या असतील, तर खालच्या वर्गांत दर वर्षी दहाएक तुकड्या भरायला हव्यात. वरची चार टाळकी जमवायची म्हणून खाली एवढा मोठा पाया.

आणि नेमक्या याच हिशेबाला सुरुवातीलाच सुरुंग लागला. जवळची एल्टम हिल ही मुलींची ग्रामर स्कूल बंद करून तिथल्या विद्यार्थिनी किडब्रूकमध्ये आणायच्या, असा कौन्सिलचा बेत होता. पालक खवळले. मुलीने परीक्षा देऊन मिळवलेली जागा अशी कशी काढून घेता? शाळा बंद करायला शिक्षणमंत्र्यांची संमती लागे. तेव्हाच्या मंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रा, कॉन्झर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या महिला. १९५४मध्ये त्यांनी पालकांचं ऐकलं आणि परवानगी नाकारली. एल्टम हिल शाबूत राहिली. त्यामुळे किडब्रूक ‘सर्वांची शाळा’ म्हणून उघडली खरी, पण परीक्षेत वर आलेल्या कितीतरी मुली शेजारच्या शाळेतच राहिल्या. दुधावरची साय आधीच काढून घेतली, असं कॉम्प्रिहेन्सिव्हचे समर्थक पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिले, ते अशाच निर्णयांमुळे.

सप्टेंबर १९५४मध्ये दारं उघडली. युद्धकाळापासूनचं रेशनिंग संपून जेमतेम दोन महिने झाले होते. ज्या पिढीने मांस आणि लोणी कुपनावर मोजून घेतलं, तिच्या मुलींसमोर ही कोरी, प्रशस्त शाळा उभी होती. मुख्याध्यापिका होत्या मिस मेरी ग्रीन. १९७३पर्यंत त्याच होत्या, म्हणजे सलग एकोणीस वर्षं. मधल्या काळात सरकारने त्यांना कामगार संघटनांची चौकशी करणाऱ्या डोनोव्हन आयोगावर घेतलं आणि १९६८मध्ये ‘डेम’ किताब दिला. सरकारी शाळेच्या बाईंना तो मान मिळणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

छप्पर एक झालं म्हणून वर्ग एक झाला, असं मात्र नव्हतं. त्या काळच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांत सर्रास कुवतीनुसार तुकड्या पाडत, आणि एक तुकडी विज्ञानाकडे तर दुसरी शिवण-टंकलेखनाकडे झुके. टीकाकार म्हणत, बाहेरची उतरंड तुम्ही आत आणलीत. त्यात तथ्य होतं. तरीही एक फरक महत्त्वाचा होता. अकराव्या वर्षी नापास ठरलेली मुलगी इथे बाराव्या किंवा तेराव्या वर्षी वरच्या तुकडीत जाऊ शकत होती, आणि सोळाव्या वर्षी ‘ओ लेव्हल’ या शालेय परीक्षेला बसू शकत होती. त्यासाठी तिला शाळा, गणवेश, मैत्रिणी आणि बस बदलावी लागत नव्हती. फक्त वर्ग बदलायचा.

या गोष्टीतली जवळजवळ सगळी मुख्य पात्रं बायका आहेत, हेही ध्यानात येतं. मंत्री बाई, मुख्याध्यापिका बाई, विद्यार्थिनी मुली. पुढचं पात्रही बाईच. १९६५मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलँड यांनी ‘सर्क्युलर १०/६५’ काढून स्थानिक संस्थांना निवड बंद करण्याच्या योजना आखायला सांगितलं. १९७०मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या. त्या स्वतः ग्रँथमच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकलेल्या आणि त्या शाळांच्या पक्क्या कैवारी. आल्या आल्या त्यांनी क्रॉसलँडचं परिपत्रक मागे घेतलं. पण प्रवाह एवढा जोराचा होता, की सर्वाधिक कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांना मंजुरी त्यांच्याच सहीने मिळाली. १९७७पर्यंत लंडनच्या आतल्या भागातली सरकारी ग्रामर स्कूलं संपली. काहींनी खासगी होणं पसंत केलं. १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या सरकारी शाळांतली पाचपैकी चार मुलं कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये होती. किडब्रूकची नवलाई संपली. आता ती चारचौघींसारखी एक शाळा होती.

१९८०च्या दशकात तिथे मुलगेही आले. पुढे हॉलिवूडमध्ये गेलेला ज्यूड लॉ हा त्यांच्यातला एक. भोवतालचं उपनगरही पालटत होतं. हवाई दलाच्या जुन्या जागेवर सुमारे एकोणीसशे घरांची फेरियर इस्टेट ही काँक्रीटची सरकारी वसाहत उभी राहिली होती. १९८८मध्ये नवा महामार्ग वस्तीला चिरत गेला. कॅरिबियन, आफ्रिकन आणि आशियाई कुटुंबांची मुलं वर्गात दिसू लागली. पण वर्गात जे सहज जमलं, ते रस्त्यावर जमेना. २२ एप्रिल १९९३च्या रात्री एल्टमच्या वेल हॉल रोडवर, बसची वाट पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सचा केवळ तो काळा म्हणून खून झाला. तो याच भागातल्या दुसऱ्या एका शाळेत शिकत होता. या खुनाबद्दलच्या मॅकफर्सन चौकशीचा १९९९चा अहवाल गाजला तो पोलिसांतल्या ‘संस्थात्मक वंशवादा’मुळे. पण त्याच अहवालात शाळांच्या अभ्यासक्रमानेही विविधतेचा आदर शिकवावा, अशी शिफारस होती.

ताटाची गोष्ट या सगळ्याला समांतर चालली होती. १९४४च्या कायद्याने शाळेत दुपारचं जेवण देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं होतं आणि त्या जेवणात किती सत्त्व हवं याचे निकषही ठरले होते. थॅचर पंतप्रधान झाल्यावर १९८०च्या कायद्याने निकष गेले, ठरावीक दर गेला, आणि गरीब मुलांपलीकडे जेवण देण्याची सक्तीही गेली. १९८८पासून कंत्राटासाठी निविदा काढणं भाग पडलं. ज्याचा दर कमी, त्याचं काम. भाज्या चिरणारे हात महाग पडतात. गोठवलेली खोकी उघडून तळणारे कमी लागतात. नोरा सँड्स यांच्या स्वयंपाकघरातले ३७ पेन्स हे कुणा एकाच्या कंजूषपणाचे नव्हते. पंचवीस वर्षांच्या धोरणाचा तो निष्कर्ष होता.

जेमीने ताजं अन्न शिजवायला घेतलं तेव्हा पहिलं संकट मुलांचंच आलं. त्यांना ते नको होतं. वितळलेल्या चीजची सवय लागलेल्या जिभेला भाज्या कुठल्या रुचायला! दुसरं संकट वेळेचं. सोलणं, चिरणं, परतणं यात बायकांचे तास वाढले, पगार मात्र तोच. तिसरं संकट हिशेबाचं, कारण मुलं फिरकली नाहीत की तोटा. हे सगळं पडद्यावर दिसलं म्हणूनच ते पटलं. विरोधक असलेल्या नोरा सँड्स हळूहळू भागीदार झाल्या, आणि प्रयोग ग्रिनिच बरोच्या, म्हणजे किडब्रूक ज्या स्थानिक प्रशासकीय विभागात येतं त्याच्या, इतर शाळांत पसरला.

निवडणूक तोंडावर होती. ३० मार्च २००५ला शाळेत चांगलं जेवण मागणारं २,७१,६७७ सह्यांचं निवेदन पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवर पोहोचलं. टोनी ब्लेअर सरकारने २८ कोटी पौंड जाहीर केले: शिध्यावर प्राथमिक शाळेत दर जेवणी किमान ५० पेन्स आणि माध्यमिक शाळेत ६०. पुढच्या वर्षी पोषणाचे नवे, कडक निकष आले. विरोधही आला, यॉर्कशरच्या एका गावात काही आयांनी शाळेच्या कुंपणातून मुलांना बर्गर आणि चिप्स पुरवले. देशभर शाळेत जेवणाऱ्यांची संख्याही काही काळ घसरली. नंतर मिशेल बेलो आणि जोनाथन जेम्स या अर्थतज्ज्ञांनी ग्रिनिचच्या प्राथमिक शाळा आजूबाजूच्या बरोंतल्या शाळांशी ताडून पाहिल्या. इंग्रजी आणि विज्ञानाचे निकाल सुधारले होते, आणि आजारपणासारख्या कारणाने परवानगी घेऊन होणारी गैरहजेरी सुमारे १४ टक्क्यांनी घटली होती.

त्यानंतर शाळेची नावं भराभर बदलली. २०११मध्ये ती समोरच्या रस्त्यावरून ‘कोरेली कॉलेज’ झाली आणि स्थानिक कौन्सिलच्या हातून निसटून थेट केंद्राच्या निधीवर चालणारी ‘अकॅडमी’ बनली. जिच्यासाठी लंडन काउंटी कौन्सिलने मंत्र्यांशी झुंज घेतली, ती शाळा आता कुठल्याच कौन्सिलची नव्हती. २०१८पासून ती ‘हॅली अकॅडमी’. ग्रिनिचच्या वेधशाळेत काम केलेले, धूमकेतूवाले एडमंड हॅली जवळच्याच ली गावच्या जुन्या दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. फेरियर इस्टेटही पाडली गेली आणि तिथे किडब्रूक व्हिलेज नावाचे नवे टॉवर उभे राहिले.

किडब्रूक स्टेशन मात्र जागच्या जागी आहे. तिथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की एल्टम, फाल्कनवुड आणि तिसरं स्टेशन वेलिंग. वेलिंग बेक्सली बरोमध्ये येतं आणि बेक्सलीने इलेव्हन-प्लस कधी सोडलीच नाही. इंग्लंडमध्ये उरलेल्या १६३ ग्रामर स्कूलांपैकी चार त्या एका बरोमध्ये आहेत. दर सप्टेंबरमध्ये तिथली प्रवेश परीक्षा होते, आणि तिला बसायला हद्दीची अट नाही. त्यामुळे किडब्रूकच्या आसपासच्या घरांतही दहा-अकरा वर्षांची मुलं उन्हाळाभर सराव संच सोडवताना दिसतात. निकाल लागला की काही जण तीन स्टेशनांचा पास काढतात, बाकीचे चालत कोरेली रोडच्या शाळेत जातात.