एक चौरस मीटर, शंभर वर्षं

1794 साली जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं अलास्कात पोचली, तेव्हा आजच्या ग्लेशियर बेच्या जागी बर्फच बर्फ होता. 1916 पर्यंत तो शंभरेक किलोमीटर मागे हटला आणि उघडी पडली नुसती दगडगोट्यांची जमीन.

तिच्यावर जंगल कसं उभं राहतं हे बघत बसायला दोनशे वर्षं कुणाकडे असतात? म्हणून युक्ती अशी, की बर्फाच्या कडेपासून खाडीच्या तोंडाकडे जायचं. आधी जमिनीलगत पसरलेलं ड्रायस, मग अल्डरची झुडपं, शेवटी स्प्रूसचं रान. कुठली जागा साधारण कधी उघडी पडली, ते जुन्या नोंदींवरून कळतं. क्रॉकर आणि मेजर यांनी 1955 मध्ये अशाच जागांवरची माती तपासली. अल्डरखाली आठच्या आसपासचा सामू काही दशकांत पाचापर्यंत उतरला होता. अल्डरच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, तोही मातीत साठला होता. पाठ्यपुस्तकांना आयती गोष्ट मिळाली: अल्डर माती घडवतो, स्प्रूस तिच्यावर पोसतो.

पण नातू, बाप आणि आजोबा शेजारी उभे करून एकाच माणसाचं चरित्र लिहावं, तसं हे झालं. आजोबांचं बालपण नातवासारखंच गेलं, हे कशावरून?

ख्रिस्तोफर फास्टी यांनी झाडांनाच विचारलं. खोडात पोकळ गिरमिट फिरवलं की पेन्सिलीपेक्षा बारीक काडी बाहेर येते आणि तिच्यावर वर्षवलयं मोजता येतात. 1995 साली त्यांनी दाखवलं, की सर्वांत जुन्या जागांवर अल्डरचं दाट रान कधी माजलंच नव्हतं. बी देणारी झाडं जवळ असल्यानं तिथे स्प्रूस लवकर आला होता.

दुसरा उपाय चिकाटीचा. विल्यम कूपर यांनी 1916 मध्ये तिथे एकेक चौरस मीटरचे चौकोन आखले आणि आतल्या रोपांचे नकाशे काढले. ब्रायन बूमा यांच्या चमूनं शंभर वर्षांनी ते जुनी टिपणं आणि छायाचित्रं घेऊन शोधून काढले. स्प्रूस तिथे फारसा नव्हता. आधी येऊन बसलेल्या विलोनं जागा सोडली नव्हती. माझ्या मते, पाठ्यपुस्तकी क्रमाला याहून मोठा धक्का नाही.

मातीला मात्र ही चिकाटी पुरत नाही. ती तपासायची तर खणावं लागतं, आणि खणलं की चौकोन बिघडतो. नमुना शेजारच्या जमिनीतून घ्यायचा आणि आतली मातीही तशीच असेल असं धरून चालायचं, म्हणजे पुन्हा शेजाऱ्याच्याच साक्षीवर भिस्त.