अस्थिमज्जाशोथ, जबड्याचा शस्त्रक्रियोत्तर

जबड्याची वाढ वा ठेवण सदोष असल्यास त्याची अस्थी कापून योग्य जागी सरकवितात आणि धातूच्या पट्ट्या व स्क्रू यांनी स्थिर करतात. अशा सुधारक शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गामुळे अस्थी व तीमधील मज्जा यांना येणाऱ्या शोथाचा (दाहयुक्त सुजेचा) हा प्रकार आहे. तो विरळा आढळतो. परंतु वेळीच न ओळखल्यास साधलेली दातांची जुळणी बिघडते व क्वचित अस्थीचा काही भाग गमवावा लागतो.

अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये, भाजल्यामुळे विकृत झालेल्या खालच्या जबड्यावर अशी पहिली शस्त्रक्रिया केल्याचे मानतात. १९५७ मध्ये ट्राउनर व ओबवेगेसर यांनी खालच्या जबड्याची मागील बाजू उभी दुभंगण्याची पद्धत वर्णिली. ती आजही प्रचलित आहे.

कारणे : वरच्या जबड्याची अस्थी पातळ असून तिला अनेक वाहिन्यांकडून रक्त मिळते. खालच्या जबड्याचे बाह्य कवच जाड व घट्ट असून त्याच्या अंतर्भागाचा रक्तपुरवठा मुख्यतः एकाच रोहिणीवर अवलंबून असतो. त्यामुळे हा विकार तेथे अधिक आढळतो. छेद तोंडाच्या आतून घेतला जात असल्याने लाळेतील सूक्ष्मजंतूंचा जखमेशी संपर्क अटळ असतो. सैल स्क्रू, रक्तपुरवठा तुटलेला अस्थितुकडा, धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे संसर्गास वाव मिळतो.

लक्षणे व निदान : सूज, वेदना, तोंड कमी उघडणे व खालच्या ओठाची बधिरता ही या विकाराची लक्षणे शस्त्रक्रियेनंतर स्वाभाविकपणेही आढळतात. म्हणून लक्षणांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ओसरू लागलेली सूज वा वेदना पुन्हा वाढणे, ताप येणे, जखमेतून पू वाहणे, परत येऊ लागलेली ओठाची संवेदना पुन्हा नाहीशी होणे किंवा दातांची जुळणी बदलणे ही धोक्याची चिन्हे होत. अस्थीतील सु. ३० ते ५० टक्के खनिजांश नष्ट होईपर्यंत साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसत नाही; त्यामुळे सुरुवातीचे चित्र निर्दोष असले, तरी रोग नाही असे ठरत नाही. सीटी स्कॅनने मृत अस्थितुकड्यांची व्याप्ती कळते. विकार सु. एक महिन्याहून अधिक टिकल्यास तो चिरकारी समजतात.

चिकित्सा : प्रथम पुवाला वाट करून देतात व शक्यतो खोलवरचा नमुना जंतुपरीक्षेसाठी घेतात. त्यात ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणाऱ्या जंतूंचाही शोध घ्यावा लागतो. प्रारंभी पेनिसिलीन गटातील औषधे, आवश्यक तेथे मेट्रोनिडॅझोलसह, देतात. पेनिसिलिनाची अधिहर्षता (ॲलर्जी) असल्यास अन्य औषध निवडतात. परीक्षेच्या निष्कर्षानुसार औषध बदलून ते बहुधा कित्येक आठवडे चालू ठेवतात. तथापि मृत अस्थीत रक्त पोहोचत नसल्याने औषधही पोहोचत नाही. म्हणून असे तुकडे काढून रक्त येणाऱ्या निरोगी अस्थीपर्यंत भाग खरवडावा लागतो.

पट्टी काढावी की ठेवावी, हा चिकित्सेतील सर्वांत अवघड निर्णय असतो. धातूच्या पृष्ठावर जंतू चिकट थर करून राहतात व औषधांना दाद देत नाहीत. उलट अस्थी सांधण्यापूर्वी आधार काढल्यास तुकडे हलतात, संसर्ग बळावतो व शस्त्रक्रियेचा मूळ हेतूच विफल होतो. म्हणून पट्टी घट्ट असल्यास अस्थी सांधेपर्यंत ती सामान्यतः ठेवतात. सैल झाल्यास काढून अन्य मार्गाने जबडा स्थिर करतात. अस्थीचा मोठा भाग नष्ट झाल्यास कमरेच्या वा पायाच्या अस्थीचे रोपण करतात.

प्रतिबंध : शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैव औषध देणे, अस्थी कापताना पाण्याच्या धारेने करवत थंड राखणे, अस्थीवरील आवरण शक्य तितके अलग न करणे, मुखस्वच्छता व तंबाखूवर्जन हे उपाय महत्त्वाचे आहेत. रुग्ण घरी परतल्यानंतरही संसर्ग उद्भवू शकत असल्याने वर उल्लेखिलेली धोक्याची चिन्हे त्याला आधीच समजावून सांगणे आवश्यक असते.